उड्डाणविद्येचा आद्य साधक : ऑटो लिलिएंटाल

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यात, १६ तारखेस, अमरावतीजवळील बेलोरा येथील विमानतळाचे उद्घाटन होऊन मुंबईशी प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. अकोल्याजवळील शिवणीची धावपट्टी तर १९४३ सालापासूनची आहे. तथापि बेलोऱ्याच्या विमानाने आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात जी खळबळ उडविली ती काही निराळीच होय. तेव्हापासून मधल्या सुट्टीत एक वाद आमच्या कानांवर वारंवार येत असतो. मोठेपणी निव्वळ हौसेखातर उडावयाचे झाल्यास मायक्रोलाइट जातीच्या चिमुकल्या विमानांपैकी कोणते घ्यावे? कापडाच्या लवचीक पंखाखाली आसन टांगलेले उघडे तिचाकी विमान घ्यावे, की ताठ पंखांचे, मोठ्या विमानाची प्रतिमाच असे विमान घ्यावे? एक पक्ष म्हणतो पहिले, दुसरा म्हणतो दुसरे. आणि घंटा होईपर्यंत निकाल काही लागत नाही.

या वादाचा निकाल दोन्ही विमानांच्या किमती शेजारीशेजारी मांडून लागणारा नाही असे आमचे मत आहे. वाद वरकरणी पंखांचा दिसतो. खरा वाद आहे तो हवेत तोल सांभाळण्याच्या रीतीचा. मनुष्याने आपल्या देहाचा भार इकडे-तिकडे झोकून तोल सांभाळावा, की पंख स्थिर ठेवून त्यांस जोडलेल्या झडपा व सुकाणू हालवून सांभाळावा? हा प्रश्न ज्याने प्रथम खऱ्याखुऱ्या हवेत, स्वतःचा जीव पणास लावून विचारला, त्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ऑटो लिलिएंटाल याचा जन्म २३ मे १८४८ रोजी तेव्हाच्या प्रशिया राज्यात, पोमेरेनिया प्रांतातील आंक्लाम नावाच्या लहानशा गावी झाला. बाप कापडाचा व्यापारी होता. आईबापांस आठ अपत्ये झाली; परंतु त्यांतील ऑटो, त्याचा धाकटा भाऊ गुस्ताव व बहीण मारी एवढी तीनच जगली. धंदा बसल्यामुळे कुटुंबासह अमेरिकेस जावे असे बापाने ठरविले होते. पण १८६१ साली त्यालाच मृत्यूने गाठले. ऑटो त्या वेळी तेरा वर्षांचा होता. संसाराचा सारा भार आईवर पडला. त्या माउलीने हालअपेष्टा सोसल्या, परंतु मुलांच्या विद्येस व त्यांच्या विलक्षण छंदास आडकाठी केली नाही.

तो छंद पाखरांचा होता. आंक्लामच्या भोवती कुरणे व दलदली पुष्कळ असून तेथे पांढरे करकोचे उतरत. याच जातीचे करकोचे हिवाळ्यात आपल्या भारतवर्षातही येतात. लाल चोच, लाल पाय व पंखांची काळी किनार यांवरून ते ओळखता येतात. ऑटो व गुस्ताव हे दोघे भाऊ त्यांच्या मागे गवतातून सरपटत जात आणि ते उडतात कसे हे न्याहाळीत. तेव्हा एक चमत्कार त्यांच्या ध्यानी आला. करकोच्यास हुसकले असता तो वाऱ्याच्या दिशेने पळत नसे. तो वाऱ्याकडे तोंड करून, प्रसंगी हुसकणाऱ्या मुलांच्याच दिशेने उड्या मारीत येई, आणि पंखांखाली पुरता वारा भरला म्हणजेच वळून दूर जाई. वारा हा उडणाऱ्याचा शत्रू नसून आधार आहे, हा पहिला धडा त्या मुलांस असा कुरणात मिळाला. बेलोऱ्याहून उडणारे विमानही शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच धावते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

१८६२ च्या सुमारास या भावांनी पातळ फळ्यांचे पंख करून हातांस बांधले आणि गावाबाहेरील टेकाडावरून ते धावत सुटले. सोबत्यांनी टवाळी करू नये म्हणून हा उद्योग रात्री चाले. अर्थात जमिनीवरून पाय काही उचलला नाही. असला अनुभव आला म्हणजे बहुतेक मुले दुसऱ्या खेळाकडे वळतात. ऑटो मात्र गणिताकडे वळला.

पॉट्सडाम येथील धंदेशिक्षणाच्या शाळेतून तो उत्तम प्रकारे उत्तीर्ण झाला. बर्लिनमध्ये यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी करून पुढे तेथीलच औद्योगिक विद्यालयात यंत्रविद्या शिकला. १८७० साली फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा तो सैन्यात होता. युद्धावरून परतताच दोघा भावांनी उड्डाणाचा विषय पुन्हा हाती घेतला. आता मात्र त्यांची रीत बदलली होती. त्यांनी एक फिरता दांडा उभारला. त्याच्या टोकांस निरनिराळ्या आकाराचे पृष्ठभाग लावावयाचे, दांडा गरगर फिरवावयाचा, आणि प्रत्येक पृष्ठभागास हवा किती वर उचलते व किती मागे ओढते ते मोजावयाचे, असा क्रम त्यांनी १८७४ च्या सुमारास चालविला. सपाट फळीपेक्षा पाखराच्या पंखाप्रमाणे किंचित कमान असलेला पृष्ठभाग कितीतरी अधिक भार तोलतो, हे त्यांतून आकड्यांनी सिद्ध झाले. पंखाच्या रुंदीच्या सुमारे बारावा हिस्सा एवढी कमान त्याने विशेष अभ्यासिली. शाळेतील मुलाच्या कागदी विमानापासून ते थेट प्रवासी विमानापर्यंत पंखाचा आकार हाच उड्डाणाचा पाया आहे. आणि तो पाया मोजमापाने घालणाऱ्यांत लिलिएंटालचे स्थान फार वरचे आहे.

परंतु प्रयोगांस द्रव्य लागते व पोटासही लागते. १८७८ साली ऑटोचा आग्नेस फिशर हिच्याशी विवाह झाला. यथाकाल त्यांस चार मुले झाली. दोघा भावांनी मुलांच्या खेळण्यातील दगडी ठोकळे शोधून काढले; पण त्यांची कृती थोड्या पैशांस विकून टाकावी लागली आणि पुढे त्यांवर गबर झाला तो दुसराच. मग ऑटोने नागमोडी नळ्यांचा एक बाष्पक तयार केला. त्या काळी बाष्पक फुटून माणसे दगावणे ही नित्याची गोष्ट होती. हा नवा बाष्पक पुष्कळच निर्धोक होता. त्यावर चालणारी लहान वाफेची यंत्रे बनविण्याचा कारखाना त्याने १८८३ साली बर्लिनमध्ये काढला, आणि १८९० पासून नफ्याचा चौथा हिस्सा कामगारांस देण्यास आरंभ केला. गोरगरिबांस अल्प दरात नाटके पाहावयास मिळावी म्हणून तो एका नाट्यगृहाच्या कारभारातही पडला. उड्डाणाच्या वेडापायी जगाकडे पाठ फिरविणारा असा तो नव्हता, हे यावरून कळून येईल.

१८८९ साली त्याने आपली सारी मोजमापे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पाखरांचे उड्डाण हा उड्डाणकलेचा पाया, असा त्या ग्रंथाचा विषय आहे. ग्रंथ फारसा खपला नाही. लिलिएंटाल त्या वेळी एकेचाळीस वर्षांचा होता. केवळ लिहून भागावयाचे नाही, उडूनच दाखविले पाहिजे, असे त्याने मनाशी ठरविले.

१८९१ साली पॉट्सडामजवळील डेर्वित्स या खेड्यानजीक त्याने पहिली यशस्वी उड्डाणे केली. ती सुमारे २५ मीटरांची होती. पुढे रिनोच्या टेकड्यांवरून तो २५० मीटरांपर्यंत तरंगत जाऊ लागला. १८९४ साली बर्लिनच्या लिख्टरफेल्ड भागात त्याने १५ मीटर उंचीचे एक शंक्वाकार टेकाड मुद्दाम रचून घेतले. त्याचा हेतू असा की, वारा कोणत्याही दिशेचा असो, त्याकडे तोंड करून धावता यावे. आंक्लामच्या करकोच्याचा धडा तो विसरला नव्हता.

त्याच्या यंत्राची रचना येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आमच्या विद्यार्थ्यांच्या वादाचे मूळ तीतच आहे. वेताप्रमाणे लवणाऱ्या विलोच्या काठ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले सुती कापड, पंखांचा विस्तार सुमारे पावणेसात मीटर, पृष्ठभाग १३ चौरस मीटर, आणि सर्व मिळून वजन अवघे २० किलो. पंख वटवाघळाच्या पंखाप्रमाणे मिटता येत. अशी यंत्रे त्याने आपल्या कारखान्यात तयार करून इतरांसही विकली. अनेकांसाठी एकाच नमुन्याबरहुकूम केलेले हे जगातील पहिले विमान होय. उडणारा या यंत्राच्या मध्यभागी उभा राही. त्याचे कोपरापुढील हात सांगाड्यात रोवलेले असत, आणि कंबरेखालचे शरीर मोकळे लोंबत असे. टेकाडावरून धावत येऊन पाय सुटले की तोल राखण्याचे साधन एकच, ते म्हणजे ते लोंबणारे पाय. उजवा पंख वर उचलला गेला की पाय उजवीकडे झोकावयाचे. नाक वर जाऊ लागले की पाय पुढे टाकावयाचे. भार जिकडे गेला तिकडची बाजू दबते, हे तत्त्व बैलगाडीत बसलेल्या कोणासही समजेल.

या रीतीने त्याने पाच वर्षांत सुमारे २,००० उड्डाणे केली. प्रत्येक उड्डाण थोड्या क्षणांचे असल्यामुळे हवेतील त्याचा एकूण काळ सुमारे पाच तासांचाच भरतो. त्या उड्डाणांची छायाचित्रे देशोदेशी प्रसिद्ध झाली. मनुष्य खरोखरच हवेत आहे, हे लोकांनी प्रथमच अशा रीतीने डोळ्यांनी पाहिले.

तथापि या रीतीतील उणीव त्याच्या ध्यानी आलेली होती. डोके, छाती व हात ही शरीराची जड बाजू सांगाड्यात अडकलेली, आणि हालविता येत ते फक्त पाय. त्यामुळे भार सरकला तरी किती सरकणार? सौम्य वाऱ्यात तेवढे पुरे. अवचित झोत आल्यास ते अपुरे. म्हणून अखेरच्या दिवसांत त्याने निराळी साधनेही जोडून पाहिली. परंतु त्यांचा निकाल लागण्यापूर्वीच काळाने निकाल दिला.

९ ऑगस्ट १८९६ हा रविवार होता. हवा उबदार व ऊन स्वच्छ होते. श्टोल्न गावाजवळील गोलेनबेर्ग टेकडीवरून तो उडाला. त्या दिवशीची आधीची उड्डाणे सुखरूप झाली होती. या खेपेस उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेचा झोत यंत्रास लागला. नाक वर गेले, वेग मेला, यंत्र हवेत जणू थबकले. लिलिएंटालने पाय पुढे झोकून नाक खाली आणण्याची शिकस्त केली. पण सुमारे १५ मीटरांवरून यंत्र त्यास घेऊन कोसळले. त्याच्या मानेचा मणका मोडला. त्यास बर्लिनला नेण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्ट रोजी, त्याने प्राण सोडला. वय अठ्ठेचाळीस वर्षांचे. मागे पत्नी व चार मुले.

ही हकीकत वाचून पालकवर्गाच्या मनात काय येईल हे आम्ही जाणतो. एवढा संसारी व विचारी मनुष्य. त्याने हे साहस का करावे? या प्रश्नास सोपे उत्तर आमच्याजवळ नाही, आणि त्या घरावर कोसळलेल्या दुःखावर गौरवाचे पांघरूण घालण्याची आमची इच्छाही नाही. एवढे मात्र म्हणता येते की तो अविचाराने मेला नाही. वीस वर्षे मोजमाप करून मग तो टेकडीवर चढला. आणि त्याच्या मृत्यूपासून जगाने जे शिकावयाचे ते शिकून घेतले.

ते शिकणारे प्रथम भेटले अमेरिकेत. डेटन गावी सायकलींचा धंदा करणारे विल्बर व ऑर्व्हिल राइट हे भाऊ त्या वेळी संकटात होते. ऑर्व्हिल विषमज्वराने अंथरुणास खिळला होता. त्या दिवसांत विल्बरच्या वाचनात लिलिएंटालच्या अपघाताची वार्ता आली, आणि भावांची जुनी जिज्ञासा पुन्हा जागी झाली. त्यांनी दोन अनुमाने काढली. पाच वर्षांत अवघे पाच तास हा सराव फारच थोडा. आणि देहाचा भार झोकून तोल राखण्याची रीत मोठ्या यंत्रास व जोराच्या वाऱ्यास पुरी पडणार नाही. म्हणून त्यांनी तारा ओढून पंखांची टोकेच पिळण्याची युक्ती काढली, नाक वरखाली करण्यास पुढे एक आडवी पाटी बसविली, आणि मागे हालते सुकाणू लावले. १९०१ साली त्यांनी वातबोगद्यात पंखांची मोजमापे नव्याने केली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र प्रथम स्वबळावर उडाले ते १२ सेकंद आणि सुमारे ३६ मीटर. आजच्या ताठ पंखांच्या प्रत्येक विमानात जे तिहेरी नियंत्रण असते त्याचा उगम येथे आहे. पुढे विल्बरने लिलिएंटालवर स्वतंत्र लेख लिहून त्याची थोरवी मोकळ्या मनाने मान्य केली.

मग लिलिएंटालची रीत हरली म्हणावयाची काय? पन्नास वर्षे तसेच वाटत होते. १९४८ साली अमेरिकेतील फ्रान्सिस रोगॅलो व त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी ताठ सांगाडा नसलेला, वाऱ्यानेच आकार घेणारा पंख तयार केला. १९६३ साली ऑस्ट्रेलियात जॉन डिकेन्सन यांनी तशाच पंखाखाली मनुष्यास पट्ट्याने टांगले आणि त्याच्या हाताशी त्रिकोणी चौकटीचा दांडा दिला. या एका दांड्याने लिलिएंटालची अडचण दूर झाली. आता केवळ पाय नव्हे, तर सारा देह पंखाखाली लंबकाप्रमाणे पुढेमागे व डावी-उजवीकडे सरकू लागला. पुढे त्याखाली इंजिन व आसनांची तिचाकी गाडी लटकविली गेली, आणि लवचीक पंखाचे मायक्रोलाइट जन्मास आले. लिलिएंटालच्या यंत्रास तरी सर्वस्वी दोष द्यावा काय? २०१६ साली जर्मनीच्या राष्ट्रीय विमान-अंतराळ संशोधन संस्थेने त्याची हुबेहूब प्रतिकृती करून वातबोगद्यात तपासली, तेव्हा ते यंत्र नेहमीच्या उड्डाणात बरेच स्थिर असल्याचे आढळून आले. उणीव होती ती संकटकाळी हाती असलेल्या साधनात.

आता आमच्या विद्यार्थ्यांच्या वादाकडे वळतो. लवचीक पंखाचे विमान उघडे व सावकाश चालणारे असते. पायाखालची शेते, ओढे, गाईगुरे सारे दिसते. गती मंदावली तरी ते सहसा नम्रपणे नाक खाली घालते व फिरकी घेत नाही. पंख घडी करून घरी नेता येतो, खर्चही सामान्यतः कमी येतो. परंतु खवळलेल्या हवेत सारा भार हातांनी सावरावा लागून बाहू थकून जातात, आडव्या वाऱ्यात उतरणे जिकिरीचे होते, आणि थंडीवाऱ्यास आडोसा थोडा. ताठ पंखांचे विमान जलद जाते, दूरच्या प्रवासास व पुढे मोठे विमान शिकण्यास उपयोगी पडते. आडव्या वाऱ्यास सुकाणूने तोंड देता येते. परंतु त्यास निवाऱ्याची जागा हवी, आणि गती गमावून चुकीचा पाय दाबला तर ते फिरकीत सापडू शकते. आपल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागातील छात्रांस जी मायक्रोलाइट विमाने मिळत आली ती या दुसऱ्या जातीची होत.

याहूनही महत्त्वाचा एक भेद आहे. ताठ पंखांच्या विमानात दांडा स्वतःकडे ओढला की नाक वर जाते. लवचीक पंखाच्या विमानात दांडा ओढला की देहाचा भार पुढे सरकून नाक खाली जाते. पहिल्यात दांडा उजवीकडे नेला की विमान उजवीकडे वळते. दुसऱ्यात ते डावीकडे वळते. एका जातीवर हात बसलेल्याने शिक्षकावाचून दुसरीवर बसणे म्हणजे घाबरल्या क्षणी हातांनी आपणच आपला घात करणे होय. निवड कोणतीही करावी. पण एक निवडून, परवानाधारक गुरूपाशी ती हाडीमाशी खिळेपर्यंत शिकावी. शांत प्रभाती आपल्याच शिवारावर तरंगण्याची ज्यास हौस आहे त्याने पहिली घ्यावी. गावोगाव जावयाचे अथवा वैमानिक व्हावयाचे ज्याच्या मनात आहे त्याने दुसरी घ्यावी.

आणि वऱ्हाडवासीयांस तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चैत्र-वैशाखात तूर-कपाशी निघून गेलेली आपली काळी राने उघडी पडतात. अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, वावटळी उठतात, आणि दुपारी घार पंख न हालविता गिरक्या घेत वर वर जाते. घारीस उचलणारी ती हवा आणि गोलेनबेर्गवर लिलिएंटालच्या यंत्राचे नाक वर फेकणारी ती हवा एकाच जातीची होय. जर्मनीच्या सौम्य उन्हात तिने एवढा घात केला, तर आमच्या वैशाखातील दुपारी ती काय करणार नाही? म्हणून पंख कोणताही असो, तो सूर्य वर चढण्यापूर्वी उघडावा व ऊन तापण्यापूर्वी मिटावा. आज उडावयाचे नाही, असे जो स्वतःस सांगू शकतो तोच उडण्यास लायक झाला, असे आम्ही समजतो.

बर्लिनमधील ते रचलेले टेकाड आजही उभे असून १९३२ साली तेथे स्मारक करण्यात आले. श्टोल्नच्या गवताळ माळावर १९८९ साली एक मोठे जेट विमान मुद्दाम उतरविण्यात आले. ते आता तेथेच संग्रहालय होऊन राहिले आहे, आणि त्यास लिलिएंटालच्या पत्नीचे, आग्नेसचे, नाव दिले आहे. जिच्या घरातून तो त्या रविवारी निघाला त्या स्त्रीची आठवण लोकांनी ठेवली, ही गोष्ट आम्हांस फार योग्य वाटते.

असो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढेमागे खरोखरच उडेल, अशी आमची आशा आहे. त्याने कोणता पंख निवडला हे आम्ही विचारणार नाही. त्याने आधी करकोच्याकडे पुरेसे पाहिले काय, मोजमाप केले काय, आणि घरी वाट पाहणाऱ्यांचे स्मरण ठेवले काय, एवढेच आम्ही विचारू.